कांद्याला चाळ, माणसाला पत्रा

पहाटेचे साडेचार वाजले असतील. कपाळावर थेंब पडला म्हणून जाग आली. पत्र्यावर पावसाचा आवाज नव्हता, बाहेर बेडूक तेवढे ओरडत होते. मोबाइलचा उजेड वर मारला तर पन्हळीपन्हळीला थेंबांच्या ओळी लागलेल्या. एक थेंब फुगायचा, शेजारच्याला जाऊन मिळायचा, मग दोघांचा मिळून जड झालेला थेंब उतारानं घरंगळत येऊन बरोबर माझ्या उशीवर सुटायचा. कूस बदलली, उशी सरकवली, शेवटी डोकं पायांकडे केलं. उजाडल्यावर शेजारच्या मळ्यातले जिभाऊ दुधाची किटली घेऊन चालले होते. त्यांनी दारातून आत डोकावलं, वर पाहिलं आणि निदान केलं : "पत्राले घाम येई राहिना."

आमच्याकडे कळवण-बागलाणात वडीलधाऱ्या माणसाला जिभाऊ म्हणतात. नावानं हाक मारायची पद्धत नाही. म्हणून या लेखातही ते जिभाऊच राहतील.

गोष्ट आषाढातली. मुक्काम अभोण्याच्या रस्त्याला, गिरणेच्या खोऱ्यात, मेहुण्याच्या शेतात. राहायला ट्रॅक्टरची ट्रॉली. मेहुण्यानं डाळिंबाच्या राखणीसाठी जुन्या ट्रॉलीच्या चाकांवर लोखंडी अँगल उभे करून पत्र्याची खोली बसवून घेतलेली आहे : लांबी अकरा फूट, रुंदी सहा फूट, एक दार, एक सरकती खिडकी, आतून प्लायवूड, प्लायवूड आणि पत्रा यांच्या मध्ये फोम, वरून रेक्झिन. एक गादी मावते, एक शेगडी मावते आणि उभ्या माणसाचं डोकं छताला टेकायला चार बोटं उरतात. राखण एका शेतातून दुसऱ्या शेतात हलवायची झाली की ट्रॅक्टर जोडायचा आणि घर ओढत न्यायचं. अमेरिकेत याला सुट्टीचं वाहन म्हणतात आणि त्यावर लोक लाखो रुपये घालतात. आमच्याकडे तिला केबिन म्हणतात आणि तिच्यात कुत्रं आणि राखणदार झोपतात. या पावसाळ्यात राखणदाराची जागा मी घेतली.

कारण गावातलं घर मला सहन होईना.

कळवणमधलं आमचं घर अर्धं आजोबांचं, अर्धं आमचं. मागची भिंत मातीची, हातभर जाडीची. पुढे कॉलम उभे करून स्लॅब टाकला तेव्हा त्या मातीच्या भिंतीलाही आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आणि वर चकचकीत प्लास्टिक पेंट मारला. धुता येतो, असं त्याचं कौतुक होतं. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, हेच तिचं काम. तिच्या दोन्ही नाकपुड्या आम्ही बंद केल्या. पायातून चढणारी ओल आत कोंडली गेली, आणि चार-पाच पावसाळ्यांनंतर पेंटला फोड आले. फोडाखाली आधी पांढरी लव, मग हिरवट ठिपके, मग काळे. कपाटामागे तर भिंतीवर कोणी कोळशानं नकाशा काढावा तशी बुरशी. कंत्राटदाराला बोलावलं. त्यानं बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "वॉटरप्रूफ रंगाचा एक हात मारून घेऊ, दिसणार नाही." एक हात मारला. एक पावसाळा दिसली नाही.

मग पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर आली, चामडी पट्ट्यावर आली, देव्हाऱ्याच्या पाठीवर आली, ट्रंकेतल्या गोधड्यांना तो ओळखीचा कुबट वास आला. आणि मला खोकला. श्रावणात सुरू व्हायचा तो दिवाळीच्या फराळापर्यंत. रात्री छातीत शीळ वाजायची. नाशिकच्या डॉक्टरांनी फुंकर मारायचं यंत्र तोंडाला लावलं, ॲलर्जीच्या तपासण्या केल्या, दमा असल्याचं सांगितलं, पंप दिला. निघताना म्हणाले, "औषध मी दिलंय. भिंत तुम्ही बघा."

भिंत फोडून नीट करायची तर पावसाळा संपायला हवा. तोवर कुठे जायचं? बायको म्हणाली, "शेतातल्या केबिनमध्ये राहून बघा. मोकळी हवा आहे." मोकळी हवा केबिनच्या बाहेर होती, हे पहिल्या पहाटे कळलं.

घाम येण्याचं शास्त्र सोपं आहे आणि शेतकऱ्याला ते दवातून माहीतच असतं. हवा २६ अंश असेल आणि तिच्यात ९० टक्के आर्द्रता असेल, तर कुठलीही वस्तू २४ अंशांपर्यंत निवली की तिच्यावर पाणी धरतं. पावसाळ्यात कळवणकडे रात्रीची हवा अशी असणं काही विशेष नाही, आणि ढग जरा फाकले की पातळ पत्रा आभाळाकडे उष्णता टाकून हवेपेक्षा थंड होतो. वर मी आत झोपलेला. एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि अंगातून पाव लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतो. त्यात मी दार-खिडकी लावून शेगडीवर चहा करत होतो, रात्री खिचडी टाकत होतो. स्वयंपाकाचा गॅस एक किलो जळला की दीड लिटरच्या वर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं; पातेल्यातली वाफ वेगळीच. म्हणजे ओल टाळायला मी सहा बाय अकराच्या डब्यात आलो होतो आणि तो डबा स्वतःच आतून भरत होतो.

सातव्या-आठव्या दिवशी गादी उचलून पाहिली. खालच्या प्लायवूडवर माझ्या पाठीच्या आकाराची ओल होती, आणि तिच्या कडेनं पांढरी लव.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. ते घरात येऊ नयेत म्हणून दार लावणं म्हणजे धुकं अडवायला कुंपण घालणं. त्यांना रुजायला लागतं ते पाणी, आणि खायला काहीही चालतं : कागद, लाकूड, खळ, चामडं, धूळ, प्लायवूडमधला डिंक. ओली झालेली वस्तू दिवस-दोन दिवसांत वाळली तर बहुतेक वेळा ती रुजत नाही. द्राक्षवाल्यांना हे सांगायची गरज नाही. दिंडोरी-निफाडकडचा बागाईतदार डावणी रोगाचा अंदाज पावसाच्या मिलिमीटरवर बांधत नाही, पान किती तास ओलं राहिलं त्यावर बांधतो. काही जणांनी बागेत त्यासाठी यंत्रंही लावलीत. पान ओलं राहण्याचे तास मोजणारा हाच माणूस घरी जाऊन बारा महिने ओली असलेल्या भिंतीला टेकून जेवतो. मी त्यातलाच, म्हणून बोलायचा अधिकार आहे.

बुरशीबद्दल भीतीही पुष्कळ पसरली आहे आणि ती सगळी खरी नाही. २०२१च्या उन्हाळ्यात कोविडच्या दुसऱ्या लाटेबरोबर म्युकरमायकोसिस आला, त्याला काळी बुरशी हे नाव पडलं, आणि आमच्या तालुक्याच्या जिवावर बेतणारी एक अफवा मोबाइलवरून फिरली : कांद्याच्या सालीवर जी काळी काजळी असते तीच ही बुरशी. कांद्यावरची काजळी म्हणजे ॲस्परजिलस नायगर, वेगळं कूळ. म्युकरमायकोसिस ज्यांना झाला त्यांच्यात अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइड हे मोठं कारण होतं, आणि त्यातला काळा रंग मेलेल्या ऊतींचा. पण त्या मे महिन्यात गावात लोक कांदा दोनदा धुवायचे, आणि माझी आई कपाटामागच्या भिंतीकडे संशयानं बघायची.

अमेरिकेतही असंच झालं होतं. क्लीव्हलँडमध्ये १९९३-९४ साली काही तान्ह्या मुलांच्या फुप्फुसात रक्तस्राव झाला, घरातल्या एका काळ्या बुरशीवर ठपका आला, देशभर घबराट उडाली. २००० साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानंच फेरतपासणी करून सांगितलं की हा संबंध सिद्ध होत नाही. मात्र उलट टोकही खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये ओलसर घरांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोकला, शीळ, दमा यांचा ओलीशी संबंध आहे, असं त्यांत म्हटलं आहे. किती बीजाणू म्हणजे सुरक्षित असा आकडा मात्र त्यांनी दिलेला नाही. त्यांचं सांगणं एवढंच की बीजाणू मोजत बसू नका, ओल काढा.

इंग्लंडमधल्या रॉचडेलची गोष्ट मी केबिनमध्ये पडल्या पडल्या वाचली आणि मोबाइल पालथा ठेवला. आवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं मूल डिसेंबर २०२० मध्ये गेलं. भाड्याच्या घरात भिंतीभर बुरशी. बापानं २०१७ सालीच तक्रार केली होती, तेव्हा त्याला सांगण्यात आलं होतं की वरून रंग मारून घ्या. २०२२ मध्ये मृत्युचौकशीत कारण स्पष्ट लिहिलं गेलं, आणि २०२३च्या सामाजिक गृहनिर्माणाच्या कायद्यात आवाबच्या नावानं ओळखलं जाणारं कलम आलं : ओल आणि बुरशीची तक्रार आली की घरमालक संस्थेनं ठरलेल्या मुदतीत हललंच पाहिजे. रंगाचा एक हात. शब्द दोन्हीकडे तेच निघाले.

घर सोडून चाकांवरच्या डब्यात जाणारा मी पहिला नाही, हेही मोबाइलनं दाखवलं. परदेशात बुरशीला कंटाळून लोक गाड्यांमधून राहतात, कोरड्या वाळवंटी मुलखात जातात, प्लायवूड उपसून ॲल्युमिनियम बसवतात. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा मीही मनात एक गाडी सजवली होती : खिडकीत पडदा, बाहेर सप्तशृंगीचा कडा, हातात चहा. त्या चित्रात पत्र्याला घाम नव्हता. २००५च्या कतरिना वादळानंतर अमेरिकेच्या सरकारनं बेघर झालेल्यांना अशा ओढत्या घरांमध्ये ठेवलं, एक लाखाहून जास्त घरं. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, नाकातून रक्त येऊ लागलं. २००७-०८च्या हिवाळ्यात ५१९ घरांची हवा तपासली, तर फॉर्माल्डिहाइडची सरासरी हवेच्या अब्ज भागांत ७७ भाग निघाली, साध्या घरात असते तिच्या कितीतरी पट. तो वायू येत होता स्वस्त प्लायवूड आणि भुशाच्या बोर्डांतल्या डिंकातून. ओलीतून उठवून माणसं डिंकात बसवली होती. मी माझ्या केबिनच्या भिंतीला नाक लावलं. नव्या चपलेचा वास आला.

श्रावणाच्या आधी एका दुपारी रस्त्यानं ठेलारी चालले होते. पुढे मेंढ्यांचा लोंढा, मागे घोड्यावर सगळा संसार : बाज, भांडी, कोंबड्या, वरती बांधलेलं पोर. हे धुळ्याकडचे, साक्रीच्या बाजूचे मेंढपाळ. हिवाळ्या-उन्हाळ्यात घाट उतरून कोकणापर्यंत जातात, शेतात मेंढ्या बसवतात, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर उलटे फिरून घाटमाथ्याच्या पूर्वेला, कमी पावसाच्या मुलखात जातात. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचे मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या हेच वेळापत्रक पाळत आले आहेत. कारण मेंढीला चिखल सोसत नाही. खूर सतत ओले राहिले की कुजतात, लोकर ओली राहिली की जनावर आजारी पडतं. एक म्हातारा पाण्यासाठी थांबला. यंदा उशीर झाला का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "उशीर झालाच. दोन मेंढ्या लंगडतायत." मग माझ्या केबिनकडे बघून त्यानं विचारलं, "इथं राहतात का?" मी हो म्हटलं. "पावसाचं?" एवढंच विचारून तो गेला. ओल टाळायला घर घेऊन फिरण्याची विद्या ज्याच्याकडे आहे त्यानं मला वेड्यात काढलं, आणि ते बरोबर होतं. फिरतं घर ओलीतून निघून जाण्यासाठी असतं. मी ते ओलीत आणून उभं केलं होतं.

आमच्या भागात फिरत्या घरात राहणारे आणखी आहेत, पण त्यांनी ते निवडलेलं नसतं. कळवणच्या पश्चिमेकडच्या, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरची कोकणा आणि भिल्ल कुटुंबं ऑक्टोबर छाटणीला द्राक्षपट्ट्यात उतरतात. बागेच्या बांधाला बांबू रोवायचे, वर ताडपत्री, खाली प्लास्टिकचा कागद. ऊसतोडीवाल्यांची कोपीही तशीच : कमानीसारखे वाकवलेले बांबू, वर पाचट किंवा ताडपत्री, आणि आतला माणूस वाकूनच राहतो. हंगाम कोरडा असतो म्हणून पाऊस नसतो. पण थंडीत पहाटे ताडपत्रीलाही आतून घाम येतो, आणि जमिनीवर पसरलेल्या कागदाखाली ओल धरतेच. एका बाईनं मला कागदाचा कोपरा उचलून दाखवला. खालची माती काळी, ओली, गांडुळं असलेली. "रातभर यावरच," ती म्हणाली आणि कागद परत सारखा केला. माझ्या दम्याला नाशिकचा डॉक्टर आहे. तिच्या लेकराच्या खोकल्याला बांधावरची तुळस आहे, आणि मुकादमाला विचारून एक दिवस सुट्टी.

आता चाळीकडे येतो. खरं तर मला लिहायचं होतं ते चाळीबद्दलच.

केबिनपासून तीस-चाळीस पावलांवर जिभाऊंची कांदाचाळ आहे. चाळ या शब्दानं मुंबईकर वाचकाच्या डोळ्यांपुढे गॅलऱ्या येतील. आमची चाळ वेगळी. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि भाव बरा मिळेपर्यंत, म्हणजे भाद्रपद-आश्विनापर्यंत, तो सांभाळायचा असतो. सगळा पावसाळा मध्ये. कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, घाम टाकतो, स्वतःची ऊब धरतो. त्याला ओल लागली की काजळी, मग सड, मग सडक्याच्या शेजारचा सडतो. चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के घट येणं ही इथली नेहमीची गोष्ट. ते टाळण्यासाठी जी चाळ बांधतात तिचा एकेक तपशील जिभाऊंनी मला हात लावून दाखवला.

तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, खाली दगडी खांब. तळाला फरशी नाही, फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, म्हणजे खालून हवा वर येते. बाजूच्या भिंतीही पट्ट्यांच्याच, बोट जाईल एवढ्या फटींच्या. पाखीची, म्हणजे चाळीतल्या एका रांगेची, रुंदी चार फूट, त्याहून जास्त नाही. रुंद केली तर मधल्या कांद्याला वारा लागत नाही. ढिगाची उंची चार-पाच फूट. एका पाखीची चाळ दक्षिणोत्तर, दोन पाखींची पूर्व-पश्चिम, वाऱ्याचा आणि उन्हाचा हिशोब करून. छत पुढे झुकलेलं, पागोळी भिंतीपासून लांब पडावी म्हणून. वर साध्या पत्र्याऐवजी सिमेंटचा पत्रा किंवा कौलं, कारण लोखंडी पत्रा तापतो आणि घाम गाळतो. पावसाच्या बाजूला ताडपत्री, पण ती गुंडाळता येणारी. सर ओसरली की वर. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयानं हे आराखडे सुधारले, सरकारनं चाळीसाठी टनामागे अनुदान दिलं. चाळीत २५ ते ३० अंश आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता राहावी, असं शास्त्रज्ञ सांगतात.

कांदाही भरण्याआधी घडवलेला असतो. काढल्यावर तीन-चार दिवस शेतातच, एकाच्या पातीनं दुसऱ्याचं डोकं झाकून वाळवायचा. मग मान दोन बोटं ठेवून पात कापायची. मग सावलीत पंधरवडा. मान नीट मिटली तर बुरशीला दार नाही. जिभाऊंनी एक कांदा घेऊन मानेवर अंगठा दाबला, "कडक पाहिजे, बाळाच्या टाळूसारखी मऊ नको," म्हणाले, आणि मऊ लागलेला एक बाजूला टाकला.

माझ्याजवळ आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र होतं. भरपावसाच्या एका पहाटे मी ते केबिनमध्ये पाहिलं, ९६ टक्के. मग चाळीच्या फटीत अडकवून आलो आणि दुपारी उन्हाची तिरीप आल्यावर परत पाहिलं. चाळीत हवा वाहत होती आणि आकडा ७८ वर आला होता. केबिनमध्ये त्याच दुपारी ८९. कोंडलेली ओल उन्हातही बाहेर पडत नव्हती. यंत्र दोनशे रुपयांचं, त्याच्या आकड्यांवर मी शपथ घेणार नाही. पण फरक नाकालाही कळत होता.

म्हणजे आमच्या तालुक्यात बुरशी न धरणारं घर कसं बांधायचं हे प्रत्येकाला माहीत आहे. माप माहीत आहे, दिशा माहीत आहे, फट किती ठेवायची ते माहीत आहे. ते आम्ही कांद्यासाठी बांधतो. कारण कांदा सडला की त्याचं नुकसान बाजार समितीच्या काट्यावर दिसतं, छातीतली शीळ कुठल्या काट्यावर दिसत नाही. मी जिभाऊंना हे बोलून दाखवलं. ते हसले. "कांदा बोंब मारत नाही ना," म्हणाले. "म्हणून त्याच्याकडे बघावं लागतं."

जुनी घरं अशी नव्हती, असं म्हणायचा मोह होतो. कोकणा लोकांचं कुडाचं घर : कारवीच्या किंवा बांबूच्या भिंती, शेणामातीनं सारवलेल्या, वर गवत किंवा कौलं, मध्ये चूल. भिंत श्वास घ्यायची, चुलीच्या धुरानं वासे काळे-चकचकीत व्हायचे, माळ्यावर टांगलेल्या मक्याच्या कणसांना आणि नागलीच्या बियाण्याला ना कीड ना बुरशी. पण त्याच धुरात बाईचे डोळे आणि छाती जळायची, हे विसरून गोडवे गाता येत नाहीत. आता पाड्यांवर घरकुलं झाली आहेत. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत २५ चौरस मीटरचं घर, डोंगराळ भागात १ लाख ३० हजारांचं अनुदान ठरलं. पक्की भिंत हवीच होती. साप-विंचू, पावसाचा मारा, आग, सगळ्यांपासून सुटका. पण एवढ्या पैशात जे बसतं ते बसतं : पत्रा किंवा पातळ स्लॅब, लहान खिडकी, ती थंडी-पावसात कायमची बंद, आणि गॅस महाग म्हणून आत परत चूल. वारं घेणारी भिंत गेली आणि धूर राहिला. एका घरकुलात मला दिसलं की घरच्या म्हातारीनं पक्क्या भिंतीच्या शेजारी पडवीला कुड घातला होता आणि ती तिथे झोपत होती. आत घुसमटतं, म्हणाली.

केबिनचं मी काय केलं ते सांगतो, कारण विचारणारे विचारतील. प्लायवूड आणि फोम उपसून काढला; फोम पिळला तर पाणी निघालं. दाराच्या खाली आणि समोरच्या भिंतीत छताजवळ वीतभर झडपा पाडल्या, वर पावसासाठी टोपी. छतावर बांबूच्या तट्ट्या टाकून त्यावर पाचट पसरलं, म्हणजे पत्रा रात्री उघडा पडेना. बाज आणली, गादी तिच्यावर, खालून वारं. शेगडी बाहेर, ताडपत्रीच्या सोप्यात. ओले कपडे आत टांगणं बंद. लवीची जागा साबणाच्या पाण्यानं पुसून, वाळवून, चुन्याचा हात दिला. चुना इतका अल्कधर्मी असतो की ताजा असेपर्यंत त्यावर काही रुजत नाही. आजोबा दरवर्षी पांढरा चुना काढायचे त्यामागे हे होतं. ब्लीचनं काळा रंग उडतो, पण मेलेली बुरशीही नाकाला झोंबते. ती पुसून काढावीच लागते. झडपांनंतर छताचा घाम पूर्ण थांबला नाही, पण थेंब पडायचे बंद झाले. पंप मी सोडला नाही. तो सोडायचा विषयच नाही.

घटस्थापनेच्या आधी बायकोनं गावात दसरा काढला. गेली काही वर्षं मी ते बायकांचं वेड समजत होतो. सगळ्या गोधड्या, चादरी, पडदे, भांडी, डबे, ट्रंका अंगणात. गोधड्या गिरणेवर नेऊन आपटून धुवायच्या आणि वाळवंटात पसरायच्या. नदीकाठ लुगड्यांच्या ठिगळांनी रंगीत होतो. पावसाळा नुकताच सरलेला, ऊन तापायला लागलेलं, आणि चार महिन्यांची ओल घरातून एका दिवसात उपसून उन्हात टाकायची. परदेशी पुस्तकात याला तज्ज्ञ बोलवावे लागतात. आमच्याकडे सासूबाई पुरेशा आहेत. कपाट मागे ओढलं, नकाशा तसाच होता. गिलावा मात्र यंदा खरवडायचा ठरला. मातीच्या भिंतीला परत माती आणि चुना. जुना गिलावा करणारे गवंडी आता कमी आहेत, एक म्हातारे सापडले. त्यांनी भिंतीवर बोटानं टकटक केली, पोकळ आवाज आला, आणि "कोंडून ठेवलं होतं बिचारीला," असं म्हणाले. दिवाळीनंतर काम सुरू होईल.

जिभाऊंनी आश्विनात चाळ फोडली. पाड्यावरची आठ-दहा माणसं निवडायला आली, बाया जास्त. चांगला वेगळा, बारीक गोल्टी वेगळी, डागी खाद वेगळी. काजळीचा कांदा हाताला काळा रंग लावतो, संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे तळवे काळे. दोन दिवसांत अर्धी चाळ रिकामी झाली. रात्री मजुरांना झोपायला जिभाऊंनी पडवी दिली होती, पण पाऊस शेवटचा हात दाखवून गेला आणि पडवीत पाणी शिरलं. तेव्हा मजुरांनी आपणहून चादरी उचलल्या आणि रिकाम्या झालेल्या पाखीत, पट्ट्यांच्या तळावर, ओळीनं पसरल्या. चार फुटांची रुंदी माणसाला आडवं पडायला कमी, म्हणून सगळे लांबीला, एकामागे एक. मी केबिनच्या दारातून बघत होतो. एका बाईनं हाक मारली, "भाऊ, इकडं वारं आहे."

मी बाज तिथेच ठेवून उशी घेऊन गेलो. खालून गार हवा पाठीला लागत होती, बाजूच्या फटीतून चांदणं पट्ट्यापट्ट्यांनी अंगावर पडलं होतं, आणि पलीकडच्या पाखीतला कांदा रात्रभर सालीत सळसळत होता. केसांना कांद्याचा वास दोन दिवस राहिला. पहाटे उठून उशीवर हात फिरवला. कोरडी होती.